सातशे तीसपैकी एक

शिफारसपत्रांचा हंगाम आला की विभागातल्या काकूंना घोटभर पाणी प्यायलाही फुरसत नसे. काकू म्हणजे विभागाच्या मुख्य लिपिक. वय पंचावन्न, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि जीभ कात्रीसारखी. कुणाला पुढे शिकायला जायचं असो की नोकरीला, प्रत्येकाला तीन-तीन पत्रं लागायची, आणि ती लिहिणारे प्राध्यापक असे एकेक नमुने की विचारू नका. एकाला तारीख सांगितली की तो तारखेनंतर चार दिवसांनी दचकायचा. एक मॅडम "झालंय, झालंय" म्हणायच्या आणि कागदावर शीर्षकसुद्धा नसायचं. काकूंनी त्या सगळ्यांना वठणीवर आणलं होतं. भिंतीवर एक लांबलचक तक्ता होता: विद्यार्थी कोण, पत्र कुणाचं, जायचं कुठे, शेवटची तारीख कधी. तारखेला पंधरा दिवस उरले की पिवळी खूण, पाच उरले की लाल. लाल खूण लागली की काकू स्वतः त्या प्राध्यापकाच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या, आणि मग भलेभले सुतासारखे सरळ व्हायचे. बावीस वर्षांत एकाही पोराचं पत्र उशिरा गेलं नव्हतं.

आता हे सगळं जमायचं कसं, तर त्याची मेख लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात होती. हंगाम सुरू झाला की प्रत्येक प्राध्यापक विभागाच्या छापील कागदांवर तळाशी नुसत्या सह्या ठोकून दहा-वीस कोरे कागद काकूंच्या हवाली करायचा. मग कुणी मजकूर हाताने खरडून द्यायचा, कुणी फोनवर सांगायचा, आणि बरेचसे म्हणायचे, "काकू, तुम्हीच लिहा हो. पोरं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत." काकू टाइप करायच्या, सहीच्या वर छापायच्या आणि स्कॅन करून त्या त्या प्राध्यापकाच्या खात्यातून पाठवून द्यायच्या. सगळ्यांचे पासवर्ड त्यांना तोंडपाठ. संगणकात 'भर' नावाची एक फाइल होती. तिच्यात 'कष्टाळू', 'चौकस', 'सगळ्यांना सांभाळून घेणारा' असे तेवीस परिच्छेद तयार असायचे. पत्र अंगाने बारीक वाटलं की त्यातले दोन-तीन घालायचे, पत्र कसं बाळसं धरायचं! नियमात हे बसत नव्हतं, पण यात कुणाचं काय जातंय, असं काकूंचं मत होतं. खरं सांगायचं तर सगळ्या विभागाचंच होतं.

अपवाद एकच, तराजू सर. हे नाव अर्थातच पोरांनी ठेवलेलं, कारण हा माणूस प्रत्येक शब्द तोलून बोलायचा आणि वजन कमी भरलं तर बोलायचाच नाही. वर्षाला दोन, फार तर तीन पत्रं लिहायचा. तीही स्वतः, शाईने, मोजून सात-आठ ओळी. मात्र सहीचे कोरे कागद तोही द्यायचा, कारण टाइप करणं त्याला यायचं नाही आणि काकूंच्या टाइपात काना-मात्रेची चूक कधी सापडली नव्हती. "तुमच्याकडे दिलं की मी बघत नाही," असं तो एकदा म्हणाला होता. त्याच्या तोंडून हे म्हणजे पदकच.

आणि यंदा तराजू सरांकडे पत्र मागणारी होती काकूंची स्वतःची मुलगी.

तिला घरात, आणि आता विभागातही, मुंगी म्हणायचे. चणीने लहान, कायम कुठल्यातरी कामात, आणि बोलणं म्हणजे विचारल्याशिवाय नाही. दोन वर्षं ती सरांच्या हाताखाली इमारतीच्या तळघरात काम करत होती. तिथे एका बंद खोलीत एक लोलक टांगलेला, त्याला नखाएवढा आरसा, आरशावर बारीकसा उजेड सोडलेला आणि समोरच्या भिंतीवर त्या उजेडाचा ठिपका. रोज सकाळी सहाच्या ठोक्याला भिंगातून बघायचं, ठिपका कुठे आहे ते वाचायचं, वहीतल्या त्या दिवसाच्या घरात आकडा लिहायचा. बस. एवढ्यासाठी पोरगी पाचला उठायची, थंडी असो, परीक्षा असो, ताप असो. "जमीन किती कलते ते मोजतोय," असं ती सांगायची. तिचा बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "माझ्या लिफ्ट वरखाली होतात ते दिसतं तरी. हिचं काय हलतं, ते हिलाच ठाऊक." काकू म्हणायच्या, "हलत नाही तेच मोजत बसलीय. बापावर गेलीय, दुसरं काय!"

आता मुंगीला समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठात पुढे शिकायचं होतं. जमीन मोजणाऱ्या लोकांचं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणे ते. वर्षाला चार जागा, आणि अर्ज हजारावर. दोन पत्रं गेली होती. तिसरं तराजू सरांचं, आणि अख्खा अर्ज त्याच्यावर. शेवटची वेळ शुक्रवारी दुपारी बारा.

गुरुवारी दुपारी सरांनी कागद आणून टेबलावर ठेवला आणि गेले. काकूंनी दार लोटलं, खुर्ची पुढे ओढली आणि वाचलं. लिहिलं होतं:

"या विद्यार्थिनीने दोन वर्षं रोज सकाळी सहा वाजता तळघरातल्या लोलकाची नोंद घेतली. सातशे तीस नोंदी व्हायच्या होत्या. सातशे एकोणतीस झाल्या. वहीतलं चारशे बारावं घर रिकामं आहे. तिच्या वहीखाली मी न वाचता सही करेन."

संपलं. काकूंनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

त्यांचा संताप संताप झाला. चारशे बारावं घर! त्या पहाटे काकू न्हाणीघरात पाय घसरून पडल्या होत्या. नवरा कामावर, आणि या एवढ्याशा पोरीने त्यांना उचलून रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं, हाड बसवेपर्यंत हात सोडला नाही. नऊ वाजता तिला आठवलं, सहाची नोंद राहिली. रडवेली झाली होती. काकूंनीच सांगितलं होतं, "अगं, त्यात काय एवढं? कालचा आकडा बघ, उद्याचा बघ आणि मधला टाक. कोण बघायला आलंय?" पोरगी काही बोलली नव्हती. म्हणजे टाकलाच नाही! सांगून सवरून घर रिकामं ठेवलं, आणि या म्हाताऱ्याला दोन वर्षांतून तेवढंच दिसलं. सातशे एकोणतीस पहाटा गेल्या पाण्यात. दुधात केस सापडला की दूध दिसत नाही, म्हणतात ना, त्यातली गत.

"थांब, बघतेच," काकू स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी टाइप केलं, 'सातशे तीस नोंदी विनाखंड घेतल्या.' रिकाम्या घराचं वाक्य गाळलं. 'भर' उघडून चार परिच्छेद घातले, चांगले निवडून, आईच्या हाताने. सरांची सही असलेला कागद छपाईयंत्रात सरकवला. पत्र देखणं उतरलं. साडेचारला ते सरांच्या खात्यातून रवाना झालं आणि काकूंनी तक्त्यावर मुंगीच्या नावापुढे हिरवी खूण केली.

शुक्रवारी सकाळी दहाला तराजू सर पुन्हा दारात. हातात कागदाची जाडजूड गुंडाळी.

"काकू, पत्राबरोबर हेही जायला हवं. मुंगीच्या नोंदींचा आलेख. तिने हाताने काढलाय. स्कॅन करायचाय, पण लांब आहे. एक टोक धरता का?"

व्हरांडा रिकामा होता. काकूंनी एक टोक धरलं आणि सर गुंडाळी उलगडत मागे मागे जात राहिले. ग्रंथालयाचं दार गेलं, पाण्याची टाकी गेली, जिना आला. सव्वासात मीटर. फरशीवर कागद अंथरून चारी कोपऱ्यांवर सरांनी पुस्तकं ठेवली.

"इथून बघा," ते म्हणाले. "वाकून नको, उभ्यानेच."

काकूंनी पाहिलं. आधी नुसते ठिपके दिसले, बारीक, मुंगीच्या हातचे. मग नजर बसली, आणि ठिपक्यांची लाट दिसली. वर चढत होती, खाली उतरत होती. पुन्हा वर, पुन्हा खाली. एकसारखी, संथ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काय आहे हो हे?"

"चंद्र," सर म्हणाले.

काकूंना वाटलं, सर थट्टा करतायत.

"समुद्राला भरती येते ना, तशी जमिनीलाही येते. दगडाला, मातीला, या इमारतीला. चंद्र ओढतो आणि सगळं रोज दोनदा वर उचललं जातं, परत खाली बसतं. आपल्याला कळत नाही, कारण आपणही सोबत उचलले जातो. त्यासोबत जमीन केसाच्या हजाराव्या भागाएवढी कलते. रोज त्याच वेळेला बघितलं, की पंधरा-पंधरा दिवसांची ही लाट मिळते. मोठमोठ्या यंत्रांना दिसते ही. टांगलेल्या लोलकाने आणि नुसत्या डोळ्याने ती वाचता येईल, असं मला वाटलं नव्हतं. मी स्वतः तरुणपणी दोन वेळा प्रयत्न केला. जमलं नाही."

काकूंच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी खाली आपल्या चपलांकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं. बावीस वर्षं याच फरशीवरून त्या लाल-पिवळ्या खुणा करत धावत होत्या, आणि ही फरशी रोज चंद्राकडे जाऊन येत होती! आणि हे पकडलं कुणी, तर आपल्या मुंगीने. पाचला उठून, दूध न पिता, केस न विंचरता पळणाऱ्या त्या पोरीने. "अगं बाई!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"आणि हे बघा." सर पाण्याच्या टाकीसमोरच्या भागापाशी गुडघे टेकून बसले. लाट तिथे उतरत होती. उतरता उतरता एका जागी ठिपका नव्हता, बोटाच्या पेराएवढी कोरी जागा. पुढे लाट पुन्हा सुरू. "चारशे बारा. इथे काय यायला हवं, ते शाळेतलं पोरही सांगेल. या दोघांच्या मधे ठिपका दिला असता तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. मी पस्तीस वर्षं विद्यार्थ्यांच्या वह्या बघतोय. सगळ्यांची घरं भरलेली असतात, सगळ्यांची! आणि म्हणून मी एकाही वहीवर कधी पूर्ण विश्वास ठेवू शकलो नाही. हिच्या वहीत हे रिकामं घर पाहिलं आणि बाकीची सातशे एकोणतीस मला खरी वाटली." ते उठले, गुडघे झटकले. "म्हणून पत्रात तेवढंच लिहिलं. जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. चला, मला तास आहे. बाराच्या आत पाठवा."

सर गेले. काकू आलेखापाशी उभ्या राहिल्या, आणि मग त्यांना कालचं पत्र आठवलं. पत्रात सातशे तीस विनाखंड, आणि आलेखात एक भोक. तिकडच्या लोकांना ते पहिल्या नजरेत दिसणार. खोटं कोण ठरणार? मुंगी.

उपाय अगदी हाताशी होता. कानामागे पेन होतंच. काळं, बारीक टोकाचं. एक ठिपका. काकूंनी पेन काढलं, टोपण उघडलं, गुडघ्यावर बसल्या. डावीकडचा ठिपका, उजवीकडचा ठिपका, बरोबर मधे. बावीस वर्षांत यापेक्षा केवढी तरी मोठमोठी भगदाडं त्यांनी बुजवली होती.

हात पुढे जाईना. आपण कुणाच्या घरात चोरपावलांनी शिरतोय, असं त्यांना वाटायला लागलं. ही जागा पोरीने कोरी ठेवली तेव्हा ती आदल्या रात्रीपासून उपाशी होती, आईचं हाड मोडलेलं होतं, आणि शेजारी बसून स्वतःची आई सांगत होती, टाक काहीतरी. तरी टाकलं नाही. भांडली नाही, शहाणपणा शिकवला नाही, नुसती गप्प बसली आणि दुसऱ्या दिवशी पाचला उठून गेली. काकूंनी टोपण लावलं.

अकराच्या ठोक्याला त्या वर्गाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. तास चालू असताना काकू दारात येणं हे आक्रीतच होतं, त्यामुळे सर बाहेर आले.

"सर, मी तुमचं पत्र बदललं." काकूंनी एका दमात सांगून टाकलं. कालची प्रत पुढे केली.

सरांनी ती उभ्या उभ्या वाचली. "विनाखंड," एवढंच ते मोठ्याने म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "माझ्या सहीवर अशी किती पत्रं गेली?"

"तुमच्या सहीवर हे पहिलं."

"आणि इतरांच्या?"

"मोजली नाहीत कधी."

वर्गातली पोरं माना उंचावून बघत होती. सरांनी दार ओढून घेतलं. दोघं कार्यालयात आले. सरांच्या सांगण्यावरून काकूंनी मुंगीला तळघरातून बोलावून घेतलं, कारण अर्ज तिचा होता. ती आली, नाकाला शाई लागलेली. काकूंनी तिच्याकडे न बघता सगळं सांगितलं. मुंगी ऐकत राहिली. एकदाच तिने विचारलं, "आलेखावर?" आणि काकू म्हणाल्या, "नाही गं. हात नाही लावला."

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. सर खोलीत दोन येरझाऱ्या घालून थांबले.

"टाइप करा," ते काकूंना म्हणाले. "'कार्यालयीन चुकीमुळे काल दुसरा मजकूर पाठवला गेला. तो रद्द समजावा. मूळ पत्र सोबत.' एवढं पुरे. यात खोटं काही नाही."

काकूंना हायसं वाटलं. देव पावला असंच म्हणायचं. तराजू सर, आणि ते पोरीसाठी एवढं वाकले! त्यांनी टाइप केलं. आता पाठवायचं बटण दाबणार, तोच मुंगी बोलली.

"सर, यात खरंही नाही ना."

काकूंनी हात मागे घेतला.

"अगं मुंगे," काकूंचा आवाज चिरकला, "आईनेच पत्र बदललं असं कळवलं तर तुला दारातसुद्धा उभं करणार नाहीत ते! हजार अर्ज आहेत. त्यांना एक कारण पुरे आहे."

"असेल."

"दोन वर्षं! दोन वर्षं पाचला उठलीस तू!"

"म्हणूनच ना, आई." मुंगी आईच्या खुर्चीजवळ आली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर काकूंना सोपं गेलं असतं. "असं पाठवून मला घेतलं, तर तिथे जाऊन मी रोज सकाळी काय मोजू? मला आकडा दिसेल, पण तो खरा आहे असं म्हणायला तोंड कुठे असेल?"

तराजू सर खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. मग वळले नाहीत, तसेच म्हणाले, "काकू, माझं वाक्य खोडा. ती सांगते तसं लिहा."

पण मुंगीने काही सांगितलं नाही. काकूंनीच लिहिलं. 'भर' उघडली नाही. एक अक्षर चुकलं नाही: "प्राध्यापकांनी सही केलेल्या कोऱ्या कागदावर मी त्यांना न विचारता वेगळा मजकूर छापला. रिकाम्या घराचं वाक्य मी काढलं. मी या विभागाची मुख्य लिपिक आहे आणि अर्जदार माझी मुलगी आहे. तिला आणि प्राध्यापकांना आज अकरा वाजेपर्यंत हे माहीत नव्हतं." खाली आपलं नाव, हुद्दा. सरांचं शाईतलं पत्र जसंच्या तसं, आलेखाचे बारा तुकडे. बाराला आठ मिनिटं कमी असताना सगळं गेलं.

पुढचं सांगायला फार नाही. चौकशी समिती बसली. ज्यांनी ज्यांनी "तुम्हीच लिहा हो" म्हटलं होतं, ते सगळे त्या दिवशी छताकडे बघत होते. काकूंकडून पत्रांचं काम काढून घेतलं, मुख्य हे पद गेलं, आणि त्यांना भांडारात बसवलं, काचेच्या नळ्या आणि मोडक्या खुर्च्या मोजायला. काकूंनी एका शब्दाने तक्रार केली नाही. नळ्या त्या तीन-तीनदा मोजत.

विद्यापीठाचं उत्तर यायला एकोणीस दिवस लागले. त्या एकोणीस दिवसांत मुंगी रोज पाचला उठून तळघरात जात होती, आणि काकूंना घास उतरत नव्हता. विसाव्या सकाळी मुंगी बाहेर पडली, आणि दहा मिनिटांत धापा टाकत परत आली. फोन आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "वाच. मी जाते, सहा वाजतील." आणि गेलीसुद्धा पळत!

काकूंनी वाचलं. चार जागांपैकी एक दिली होती. खाली दोन ओळी होत्या: आमच्याकडे आलेल्या अर्जांत सगळे आलेख पूर्ण होते. तुमचा आम्ही भिंतीवर लावला आहे.

काकू स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून खाली बसल्या. नवरा दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून धावत आला. "काय झालं? अगं, नाही मिळाली का? रडतेस कशाला?"

"मिळाली," काकू म्हणाल्या.

"मग?"

"भीती वाटली हो." त्यांनी पदराने डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. "एवढं मोठं माणूस आपल्या घरात राहत होतं. आणि मी तिला रोज ओरडत होते, केस विंचरून जा म्हणून."